डायलिसिससाठी रक्तमार्ग : कमी छेदाच्या पद्धती आणि वेळेचे महत्त्व

रुग्णालयाच्या कार्याचा लेखाजोखा मांडताना त्यामागील वैद्यकशास्त्राचीही थोडी ओळख वाचकांना व्हावी, या हेतूने आम्ही हा लेख अहवालात समाविष्ट करीत आहोत. डायलिसिसचे यंत्र, त्यास लागणारे शुद्ध पाणी, कृत्रिम मूत्रपिंडाचे काम करणारा डायलायझर यांविषयी आपणांपैकी अनेकांना माहिती आहे. धर्मादाय रुग्णालयांतील कित्येक यंत्रे देणगीदारांच्या औदार्यातूनच उभी राहिलेली असतात. परंतु रुग्णाचे रक्त त्या यंत्रापर्यंत न्यावयाचे कसे आणि शुद्ध होऊन परत आणावयाचे कसे, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. यंत्र कितीही अद्ययावत असले तरी हा मार्ग सदोष असेल तर डायलिसिस अपुरे होते, रुग्ण वारंवार दाखल होतो आणि प्रसंगी त्याच्या जिवावरही बेतते.

अलीकडे फार मोठी चिरफाड न करता असा मार्ग तयार करण्याच्या काही पद्धती पुढे आल्या आहेत. ‘आमच्या वडिलांना टाके न घालता हे होईल का?’ असे रुग्णांचे नातेवाईक आता विचारू लागले आहेत. त्यांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावे आणि ते देताना या विषयातील अधिक महत्त्वाची गोष्टही सर्वांसमोर मांडावी, असा या लेखाचा उद्देश आहे.

रक्तमार्गाची गरज का भासते?

दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाली की रक्तातील अनावश्यक द्रव्ये व जादा पाणी बाहेर टाकण्याचे काम यंत्राकडे सोपवावे लागते. डायलिसिसचे एक सत्र साधारणतः चार तास चालते. या काळात मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर रक्त यंत्रातून फिरवले जाते. म्हणजेच एका सत्रात सुमारे ७० लिटर रक्ताची ये-जा होते. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्त असते पाच लिटरच्या आसपास. तेव्हा तेच रक्त पुनःपुन्हा, चौदा-पंधरा वेळा यंत्रातून जाते.

एवढा प्रवाह मिळवायचा कोठून? रक्ततपासणीसाठी ज्या शिरेतून रक्त काढतात ती कातडीलगत असते, सुई टोचण्यास सोयीची असते. पण तिच्यातून वाहणारे रक्त यंत्राला पुरेसे नसते. धमनीत दाब भरपूर असतो. पण ती खोलवर असते आणि आठवड्यातून दोन-तीनदा धमनीत जाड सुया खुपसणे धोक्याचे असते. शिरेची सोय आणि धमनीचा जोर एकत्र कसा आणावयाचा, हा डायलिसिसच्या इतिहासातील मूळ प्रश्न होता.

नेदरलँड्समधील कांपेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, कृत्रिम मूत्रपिंडाचा रुग्णावर प्रथम वापर केला. परंतु दरवेळी नव्याने रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने काही दिवसांतच जागा संपत. त्यामुळे हा उपचार तात्पुरत्या आजारापुरताच उपयोगी ठरला. १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी धमनी आणि शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी हातावर कायम ठेवण्याची युक्ती काढली. प्रथमच मूत्रपिंडे पूर्णतः निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो, हे सिद्ध झाले. मात्र ही नळी शरीराबाहेर राहत असल्याने तिच्यात गुठळ्या होत, जंतुसंसर्ग होई.

यावरचा तोडगा न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात निघाला. डॉ. ब्रेशिया, डॉ. सिमिनो, शल्यविशारद डॉ. अ‍ॅपेल व त्यांचे सहकारी यांनी मनगटाजवळची धमनी तेथल्याच शिरेला कातडीखाली जोडली आणि १९६६ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. धमनीचे जोरदार रक्त शिरेत शिरू लागले की काही आठवड्यांत ती शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि तिच्यात वारंवार सुया टोचता येतात. बाहेरची कोणतीही वस्तू शरीरात राहत नाही. या जोडणीला ‘आर्टिरिओव्हीनस फिस्टुला’ किंवा थोडक्यात ‘एव्ही फिस्टुला’ म्हणतात. (फिस्टुला हा शब्द भगंदराच्या आजारासाठीही वापरला जात असल्याने काही नातेवाईकांचा गोंधळ उडतो, त्या आजाराशी याचा काहीही संबंध नाही.) साठ वर्षे लोटली तरी बहुसंख्य रुग्णांसाठी हाच मार्ग सर्वांत भरवशाचा मानला जातो.

मानेतील नळी : सोपी, पण महागात पडणारी

आमच्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांचे पहिले डायलिसिस मात्र फिस्टुलातून होत नाही. धाप लागलेली, अंगावर सूज, क्रिएटिनिन बेसुमार वाढलेले, अशा अवस्थेत रुग्णाला आणले जाते. त्याच दिवशी डायलिसिस करणे भाग असते. अशा वेळी मानेतील मोठ्या शिरेत नळी घालावी लागते. सोनोग्राफीच्या साहाय्याने, जागेवरच भूल देऊन ती काही मिनिटांत बसते व लगेच वापरताही येते. त्या क्षणी ती जीव वाचवते, याविषयी दुमत नाही.

एका अर्थाने पाहिले तर हीच सर्वांत कमी चिरफाडीची पद्धत. तरीही ती दीर्घकाळासाठी योग्य नाही. नळीचे एक टोक शरीराबाहेर आणि दुसरे हृदयाच्या लगत असल्याने जंतूंना थेट रक्तात शिरण्याची वाट मिळते. थंडी वाजून ताप येणे, हे अशा संसर्गाचे नेहमीचे लक्षण होय. शिवाय नळी फार दिवस राहिली तर छातीतील मोठी शीर आतून आकुंचित होते. पुढे त्या बाजूच्या हातावर फिस्टुला केला तरी रक्ताला परतीची वाट अरुंद मिळते आणि हात सुजतो. म्हणजे आजच्या सोयीची किंमत उद्याच्या कायमच्या मार्गाने चुकवावी लागते.

अशा साध्या नळीचा वापर शक्यतो दोन आठवड्यांहून अधिक करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अधिक काळ गरज असल्यास कातडीखालून काही अंतर नेऊन बसविलेली नळी वापरतात. तिला रुग्णालयांतून ‘परमकॅथ’ म्हणतात. कातडीखाली तिच्यावर एक मऊ पट्टा असतो; त्यात शरीराचे ऊतक रुजते आणि जंतूंना काहीसा अटकाव होतो. नावात ‘परमनंट’ची छाया असली तरी तीही कायमची नव्हे. ज्यांच्या रक्तवाहिन्या फिस्टुलायोग्य नाहीत, ज्यांचे हृदय फार दुर्बळ आहे किंवा ज्यांचा फिस्टुला अद्याप तयार व्हावयाचा आहे, त्यांच्यासाठी ती उपयुक्त आहे.

शस्त्रक्रियेने केलेला फिस्टुला

रूढ पद्धतीत मनगटाजवळ किंवा कोपराजवळ काही सेंटिमीटरचा छेद घेऊन धमनी व शीर अतिशय बारीक धाग्याने जोडली जाते. पूर्ण भूल द्यावी लागत नाही. रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. उजवा हात कामाचा असेल तर शक्यतो डावा हात निवडतात आणि मनगटापासून सुरुवात करतात, म्हणजे पुढे गरज पडल्यास वरच्या जागा शिल्लक राहतात.

शस्त्रक्रिया नीट झाली म्हणजे काम संपले असे नाही. शीर पुरेशी फुगून वापरायोग्य होणे यालाच आम्ही फिस्टुला ‘पक्व’ होणे म्हणतो. यासाठी सहाचा एक सोपा ठोकताळा आहे : सुमारे सहा आठवड्यांनंतर शीर किमान ६ मिलिमीटर रुंद व्हावी, कातडीपासून ६ मिलिमीटरहून खोल नसावी आणि तिच्यातून मिनिटाला किमान ६०० मिलिलिटर रक्त वाहावे. सर्वच फिस्टुला ही कसोटी पार करीत नाहीत. जगभरच्या निरनिराळ्या अभ्यासांत पक्व न होणाऱ्या फिस्टुलांचे प्रमाण शेकडा २० पासून ६० पर्यंत आढळले आहे. मधुमेह, वाढते वय, कठीण झालेल्या धमन्या आणि आधीच सुया टोचून खराब झालेल्या शिरा ही त्याची प्रमुख कारणे होत.

हे अपयश कमी करण्याचे दोन उपाय फारसे खर्चिक नाहीत आणि म्हणून धर्मादाय रुग्णालयाला ते विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला उपाय म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही हातांची कलर डॉप्लर सोनोग्राफी करून धमनी-शिरांचा नकाशा काढणे. साधारणतः दोन मिलिमीटरहून बारीक रक्तवाहिनीवर फिस्टुला यशस्वी होण्याची शक्यता कमी असते. वरून न दिसणारी चांगली शीरही या तपासणीत सापडते.

दुसरा उपाय भुलीच्या पद्धतीचा. केवळ छेदाची जागा बधिर करण्याऐवजी खांद्याजवळ किंवा काखेत इंजेक्शन देऊन संपूर्ण हाताच्या मज्जातंतूंना भूल दिली, तर हातातील रक्तवाहिन्या सैल होऊन रुंदावतात. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १२६ रुग्णांवर झालेला या विषयावरील तुलनात्मक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनंतर संपूर्ण हाताला भूल दिलेल्यांपैकी शेकडा ८४ जणांचा, तर केवळ जागेवर भूल दिलेल्यांपैकी शेकडा ६२ जणांचा फिस्टुला चालू होता. यास नवे यंत्र लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित भूलतज्ज्ञ आणि थोडा अधिक वेळ.

छेदाविना फिस्टुला

आता नातेवाईक विचारतात त्या नव्या पद्धतीकडे वळू. कोपराच्या खाली, हाताच्या आतील भागात निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. तेथे कातडीलगतच्या शिरांना खोलवरच्या शिरांशी जोडणारी एक आखूड शीर असते आणि खोलवरच्या शिरा धमन्यांना अगदी चिकटून धावतात. दोन रक्तवाहिन्या मुळातच इतक्या जवळ असतील तर बाहेरून छेद घेऊन त्या शिवण्याऐवजी आतूनच त्यांच्यात एक खिडकी उघडता येईल, ही या पद्धतीमागील कल्पना होय.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अशा दोन साधनांना मान्यता दिली. ‘एलिप्सिस’ या साधनात एकच बारीक नळी वापरतात. सोनोग्राफीत पाहत कातडीलगतच्या शिरेत सुई घालतात, ती जोडशिरेतून खाली नेऊन लगतच्या धमनीत शिरवतात. तिच्यावरून नेलेल्या नळीच्या टोकाशी चिमट्यासारखी रचना असते. ती दोन्ही भिंती एकत्र दाबून धरते आणि उष्णतेने त्या एकमेकींशी जुळवून टाकते. टाका घालावा लागत नाही.

आज ‘वेव्हलिंक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या साधनात दोन नळ्या असतात. एक धमनीत, दुसरी तिच्या शेजारच्या शिरेत. दोन्हींत लोहचुंबक असल्याने त्या एकमेकींकडे ओढल्या जातात व भिंतीला भिंत भिडते. मग रेडिओलहरींच्या ऊर्जेने त्या दोहोंमध्ये छोटी फट पाडली जाते. या पद्धतीत सोनोग्राफीबरोबर क्ष-किरण यंत्र आणि रक्तवाहिन्या दिसण्यासाठी औषधाचे इंजेक्शनही लागते. रक्त खोलवरच्या शिरेतून निघून न जाता कातडीलगतच्या शिरेकडे वळावे म्हणून खोलवरची एक शीर बारीक तारेचे वेटोळे ठेवून बंद करण्याची प्रथाही आहे.

या पद्धतीचे लाभ खरे आहेत. हातावर व्रण राहत नाही. जखम भरण्याची वाट पाहावी लागत नाही. रक्तवाहिन्यांची ओढाताण होत नाही. शस्त्रक्रियेच्या नावानेच घाबरून निर्णय लांबवणारे रुग्ण यास चटकन तयार होतात. शिवाय मनगटावरचा फिस्टुला जमत नसलेल्या रुग्णाला कोपराच्या वरच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी आणखी एक संधी मिळते.

त्याचबरोबर मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा शरीररचनेची. जोडशीर व धमनी किमान दोन मिलिमीटर रुंद हव्यात आणि एकमेकींच्या निकट हव्यात. हे डॉप्लरनेच ठरते, सर्वांच्या हातात ते जुळत नाही. दुसरी मर्यादा अशी की, येथे रक्त एकाच शिरेत न जाता दोन-तीन वाटांनी विभागले जाते. त्यामुळे शीर ठळक फुगतेच असे नाही. सुई कोठे टोचावी हे ठरविण्यास तंत्रज्ञाला सोनोग्राफीचे प्रशिक्षण लागते. तिसरी मर्यादा पुढील उपचारांची. एलिप्सिसच्या अमेरिकेतील १०७ रुग्णांवरील अभ्यासात १०२ जणांत फिस्टुला तयार करता आला. परंतु तो वापरण्याजोगा व्हावा म्हणून बहुसंख्य रुग्णांना फुग्याने जोड रुंदावणे वा एखादी शीर बंद करणे यांसारखे उपचार करून घ्यावे लागले. काहींना शीर वर आणण्यासाठी शस्त्रक्रियाही करावी लागली. चौथी मर्यादा खर्चाची : ही साधने एकदाच वापरावयाची व महाग आहेत, तर रूढ शस्त्रक्रियेत मुख्य सामग्री म्हणजे बारीक धागा आणि कुशल हात.

सर्वांत महत्त्वाची बाब ही की, या फिस्टुलालाही पक्व होण्यास काही आठवडे लागतातच. छेद नाहीसा झाला तरी प्रतीक्षा नाहीशी होत नाही. धापा टाकत आलेल्या रुग्णाला ही पद्धतही त्या दिवशी मानेतील नळीपासून वाचवू शकत नाही. आज आमच्या रुग्णालयात फिस्टुला शस्त्रक्रियेनेच केला जातो. ज्यांची शरीररचना अनुकूल आहे आणि ज्यांना नवी पद्धत हवी आहे, त्यांना तिच्या जमेच्या व खर्चाच्या दोन्ही बाजू समजावून सांगून योग्य केंद्राकडे जाण्याचा सल्ला आम्ही देतो. परंतु ती परवडली नाही म्हणून आपण आपल्या माणसाला कमी प्रतीचा उपचार देत आहोत, अशी खंत कोणाही कुटुंबाने बाळगण्याचे कारण नाही.

फुग्याने केलेली डागडुजी

कमी छेदाच्या उपचारांचा सर्वाधिक लाभ आज फिस्टुला तयार करण्यापेक्षा तो टिकविण्यात होत आहे. फिस्टुलाच्या जोडाजवळ किंवा पुढे शिरेत कालांतराने आतून जाड थर येतो आणि वाट अरुंद होते. डायलिसिसचा प्रवाह कमी पडणे, सुया काढल्यावर रक्त लवकर न थांबणे, हाताला सूज येणे, फिस्टुलावरील थरथर जाऊन केवळ नाडीसारखे ठोके लागणे, ही त्याची चिन्हे होत. वेळीच लक्षात आले तर सुईच्या छिद्रातून बारीक तार व फुगा आत नेऊन अरुंद जागा रुंदावता येते. हृदयाच्या अँजिओप्लास्टीशी वाचक परिचित आहेत. हा तोच प्रकार हातावर होतो आणि रुग्ण सामान्यतः त्याच दिवशी घरी जातो. अचानक गुठळी होऊन बंद पडलेला फिस्टुलाही तातडीने आणल्यास कित्येकदा अशाच मार्गाने पुन्हा सुरू करता येतो. मात्र येथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात.

रुंदावलेली जागा पुन्हा अरुंद होण्याचा संभव असतो. औषधाचा लेप असलेल्या फुग्यांविषयी ३३० रुग्णांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर लेपयुक्त फुगा वापरलेल्यांपैकी शेकडा ८२ जणांची, तर साधा फुगा वापरलेल्यांपैकी शेकडा सुमारे ६० जणांची ती जागा पुन्हा उपचार न करता खुली राहिली होती. लेपयुक्त फुगा महाग असतो. परंतु वारंवार करावे लागणारे उपचार टळत असतील तर निवडक रुग्णांत तो हिताचा ठरतो.

वेळ कोणती?

या साऱ्या पद्धतींचा विचार करता एक गोष्ट स्पष्ट होते. रक्तमार्ग कोणत्या साधनाने केला, यापेक्षा तो केव्हा केला, हे अधिक निर्णायक आहे. अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता (‘ईजीएफआर’) मिनिटाला १५ ते २० मिलिलिटर इतकी उतरली आणि ती घसरतच असेल तर फिस्टुलाचा विचार सुरू करणे योग्य ठरते. पक्व होण्याचा काळ आणि लागलीच तर दुरुस्ती, यांसाठी काही महिने हाताशी असावे लागतात.

परंतु याच वेळी रुग्णाला फारसा त्रास होत नसतो. लघवी होत असते, जेवण जात असते. ‘फिस्टुला केला की डायलिसिस लागेलच,’ असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. फिस्टुलामुळे डायलिसिस लागत नाही. लागल्यास मानेतील नळी टळावी म्हणून फिस्टुला करतात. पावसाळ्यापूर्वी घर शाकारल्याने पाऊस येत नाही, हे आपण सर्व जाणतोच. पोटातील डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण हे पर्याय ज्यांना योग्य आहेत, त्यांच्याशीही ही चर्चा लवकर व्हावयास हवी. म्हणजे निर्णय घाईत होत नाही.

नातेवाईकांच्या हाती असलेले उपाय

मूत्रपिंडविकाराचे निदान झाल्यापासून हाताच्या शिरा जपणे हा रक्तमार्गाचा खरा आरंभ होय. अशक्तपणा वाटला की ‘एक सलाईन लावून घ्या’ हा आपल्याकडील प्रघात या रुग्णांना दुहेरी हानिकारक ठरतो : न पेलणारे पाणी शरीरात जाते आणि शीर खराब होते. सुई टोचणे अपरिहार्य असेल तेव्हा ती पंजाच्या मागील बाजूस टोचावी आणि ज्या हातावर फिस्टुला होऊ शकेल तो हात मोकळा ठेवावा, असे डॉक्टर व परिचारिका यांना आपण होऊन सांगावे. त्यात संकोच करू नये.

फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, इंजेक्शन वा रक्ततपासणी करू देऊ नये. घट्ट बांगड्या, घड्याळ, आवळ बाह्यांचे कपडे टाळावेत. त्या हातावर डोके ठेवून झोपू नये, जड ओझे उचलू नये. जखम भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम करावा. रोज सकाळ-संध्याकाळ फिस्टुलावर बोटे ठेवून थरथर जाणवते की नाही ते पाहावे. हे पाहण्यास घरातील शाळकरी मुलालाही शिकवता येते. थरथर थांबली तर पुढच्या डायलिसिसच्या दिवसाची वाट न पाहता त्वरित रुग्णालयात यावे. बोटे गार पडणे, दुखणे, निळसर होणे, फिस्टुलावरील कातडी लाल, चकचकीत किंवा पातळ दिसणे, हेही लगेच कळवावे. रक्त उसळून येऊ लागल्यास नेमक्या त्या जागेवर बोटाने घट्ट दाब धरावा, हात उंच करावा आणि दाब न सोडता रुग्णालय गाठावे. नुसते फडके गुंडाळून निघू नये.

देणगीदार व विश्वस्त यांच्यासाठी

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांमुळे डायलिसिसचा प्रत्यक्ष खर्च अनेक गरीब कुटुंबांच्या आवाक्यात आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु यंत्रापर्यंतची वाट वेळेवर तयार असणे, हे अद्याप पुष्कळदा रुग्णाच्या नशिबावर सोडले जाते. गावातून तालुक्याला आणि तेथून शहरात येईपर्यंत डॉप्लर तपासणी, शल्यविशारदांची भेट, प्रवासखर्च, बुडालेली मजुरी यांतच महिने निघून जातात. आणि मग मानेतील नळी हाच एक मार्ग उरतो.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे. यंत्रासाठी मिळणारी देणगी आम्हांस नेहमीच मोलाची आहे. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, रुग्ण ती वाचतात, दुवा देतात. फिस्टुलावर अशी पाटी लावता येत नाही. डॉप्लर तपासणी, हाताची भूल, फिस्टुलाची शस्त्रक्रिया, अरुंद झालेल्या शिरेसाठी फुगा आणि तपासणीसाठी येण्याचे गाडीभाडे, या बाबी अहवालाच्या छायाचित्रांत दिसत नाहीत. परंतु एका रुग्णाचा फिस्टुला वेळेवर झाला तर त्याचे तापाचे, दाखल होण्याचे, नळ्या बदलण्याचे किती दिवस वाचतात, हे आमचे तंत्रज्ञ व परिचारिका रोज पाहत असतात. म्हणून देणगी देताना ‘रक्तमार्गासाठी’ असा उल्लेख करावा, अशी आमची इच्छा आहे.

विश्वस्त मंडळासमोरही आम्ही हाच विचार ठेवू इच्छितो. नवी साधने यथावकाश स्वस्त होतील व आपल्याकडेही रुळतील. त्यांचा अभ्यास चालू ठेवणे आमचे कर्तव्य आहे. तोपर्यंत मधुमेह व रक्तदाबाच्या बाह्यरुग्ण विभागातच क्षमता घसरत चाललेल्या रुग्णांची नोंद ठेवणे, त्यांची डॉप्लर तपासणी ठरलेल्या वारी करणे आणि चालू फिस्टुलांची दरमहा तपासणी करणे, या तीन गोष्टींना निधीत अग्रक्रम मिळावा.

आपल्या घरात, शेजारी वा ओळखीत कोणाचे क्रिएटिनिन वाढत असल्याचे आपणांस ठाऊक असेल, तर या लेखातील माहिती त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावी आणि ‘हाताची सोनोग्राफी झाली का?’ एवढे विचारावे.